फिरते पट्टे

"अनसूयाताई, हे काय करून ठेवलंत!" मालकांनी कपाळावर हात मारला. मिक्सरच्या कारखान्याच्या दारात रांगोळी, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि वर्षभर बंद असलेले जुळणीचे चार पट्टेसुद्धा खडखडत फिरताहेत. "परदेशी मिक्सर मातीमोल भावात येतात, आपला धंदा बसला, अशी तक्रार केलीय आपण. तेच तपासायला सरकारी साहेब आलेत!"

ताईंचं सोमवारच्या उपासाचं तोंड आणखीच सुकलं. बाहेरच्या मालावर कर बसला तरच त्यांच्या हाताखालच्या चाळीस बायकांचं काम टिकणार होतं.

साहेब फिरत्या पट्ट्यापाशी थांबले. "यावर मिक्सर का नाहीत?"

खोटं बोलायचं नाही, हा ताईंचा नेम. "मागणीच नाही, साहेब. पण पाहुण्याला थंड चूल कशी दाखवायची? म्हणून नुसतेच फिरवले."

साहेबांनी शेजारच्या यंत्रावरची माळ बाजूला केली. मागे कोळ्याचं जाळं होतं. ते खळखळून हसले. "प्रत्येक कारखान्यात रडगाणं ऐकतो. नुकसान झाकणारी माणसं आजच भेटली." मग कारकुनाकडे वळले, "लिहा, चार पट्टे बंद."

ताई लगबगीनं गेल्या आणि बटणं दाबून आल्या. "मग वीज कशाला जाळायची, नाही का?"