चहा घेऊन या

काकांनी टेबलावर ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या गळ्याला हळदकुंकू लागलं होतं. आत गावच्या नव्या बोअरचं पाणी. "लेकरायचे दात पिवळे पडले, मॅडम, गुडघे वाकले. आता ह्याच पाण्यावर भरोसा हाय."

पाण्यातलं फ्लोराइड तपासायला पूर्वी अख्खा दिवस जायचा. आता यंत्र दोन मिनिटांत आकडा दाखवतं, आणि माझी खरी दमछाक तिथून सुरू होते. पाणी वाईट निघालं की लोक अंगावर येतात, "एवढ्यात झालंसुद्धा? परत बघा!" भांडून भांडून थकले मी. आता पाणी चांगलं असेल तर लगेच सांगते. वाईट असेल तर तासभर चहाला पाठवते. ताटकळून मिळालेलं उत्तर माणूस निमूट घेतो.

पडद्यावर आकडा आला. मर्यादेच्या तिप्पट. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"वेळ लागेल, काका. तोवर समोर चहा घेऊन या."

ते उठले नाहीत. बाटलीचं झाकण हळूहळू घट्ट करत म्हणाले, "चहा नको, मॅडम. मागच्या बोअरच्या वेळीही तुम्ही मले चहालेच धाडलं होतं."