यादीबाहेरचं गाणं

भर दुपारी हळदीच्या मांडवात बायका खुर्च्यांना खिळून बसल्या होत्या. डीजे दिगंबरनं आठवडाभर खपून केलेल्या यादीतली अकरा गाणी वाजून गेली, तरी कुणी जागचं हललं नव्हतं. आठ वर्षं तो अशाच याद्या करायचा आणि त्याचा भागीदार इरफान त्या बाजूला सारून म्हणायचा, “कागदात काय बघतोस? लोकांच्या पायांकडे बघ!” इरफान गेल्याच महिन्यात नोकरीसाठी दोह्याला गेला होता.

दिगंबरनं मान वर केली. चपला काढून बसलेल्या नवरीच्या आत्याचा अंगठा मनातल्याच कुठल्याशा संथ ठेक्यावर हलत होता. त्यानं चालू गाण्याचा आवाज हळूहळू उतरवला आणि यादीत नसलेलं एक जुनं कोळीगीत लावलं. आत्या ताडकन उठली. “अगो, उठा सगल्या!” बघता बघता अख्खा मांडव नाचायला लागला.

त्यानं घाईघाईनं इरफानला व्हिडिओ कॉल लावला. तो लगेच कट झाला. मागोमाग मेसेज आला, “ड्युटीवर आहे. सगळं ठीक ना?”

समोर “पुन्हा! पुन्हा!” असा गलका चालला होता. त्यानं बरंच काही लिहिलं, खोडलं, शेवटी “हो” एवढंच पाठवलं आणि तेच गाणं परत लावलं.