उजाडायच्या आत

नथ घातलेली सुरमई पकडल्याची थाप बंदरभर पसरवणारा म्हातारा तो मीच. फयान वादळात माझा सर्वेश होडीसकट बेपत्ता झाला, तेव्हा पाच वर्षांच्या नातीलाही थापच मारली, "रिया, बाबा उजाडायच्या आत येतलो गो."

मग पोर रोज पहिल्या उजेडाला उठून दाराशी धावायची आणि रडून सगळं घर उठवायची. शेवटी सून म्हणाली, "मामांनू, तिच्या खोलीची खिडकी झाकूया. काळोखात जरा तरी निजतली."

मी जाड ताडपत्री ठोकली. दुसऱ्या दिवशी रिया आठपर्यंत गाढ झोपली; कित्येक दिवसांनी आम्हीही.

ती उठल्यावर खोलीत उजेड यावा म्हणून ताडपत्री काढायला गेलो, तर तिने माझा हात घट्ट धरला.


"आजो, काढू नको. उजाडला तर बाबा येवचो नाय."