जनूचं पान

दुपारचे दोन वाजले तरी जनूच्या पानाला कावळा शिवेना.

बाकीची पानं केव्हाच साफ झाली होती. परसातल्या भिंतीवरच्या कावळ्यांनी जनूच्या मुलाचं, पोपटचं पान खाल्लं, पोपटच्या आईचं खाल्लं, वड्यांवरून आपसात भांडूनही झालं. जनूच्या पानाकडे मात्र एकही फिरकला नाही. दर सर्वपित्री अमावास्येला हेच. रोह्याच्या त्या आळीत आता कुणाला याचं नवलही वाटत नसे.

यंदा फरक एवढाच, की गिरजाबाईनं हट्ट धरला होता.

"कावळा शिवल्याबिगर मी पाणी पन पिनार नाय," ती मागच्या पडवीत बसून म्हणाली.

पंच्याऐंशीची बाई, साखरेचा आजार, सकाळची गोळीही घेतलेली नाही. पोपट तिचा बाप आणि जनू बापाचा बाप. मरताना पोपटनं तिला शपथ घातली होती, माझ्या बापाला घास मिळू दे. त्याला चौतीस वर्षं झाली आणि बाई अजून तिथंच अडून बसलेली.

"आत्ये, दर्भाचा कावळा करून शिववू," भाचा हरेश काकुळतीनं म्हणाला. "भटजी पन चालतं म्हनलेत."

"मी मेल्यावर माज्या पानाला शिवव तुजा गवताचा कावळा."

आत्येपुढं हरेशचं कधीच काही चाललं नव्हतं.

जनूची काहीतरी इच्छा राहिलीय, असं घरात सगळे धरून चालले होते. बिचाऱ्याची राहिलीही असेल. मिठागरावरच्या घरातला पोरगा विसाव्या वर्षी सरकारी आरमारात खलाशी झाला आणि सातच वर्षांत कनिष्ठ अधिकारी. पांढरा गणवेश, पितळी बटणं, गावभर कौतुक. मग एकोणीसशे सोळा साली, बायको पोटुशी असताना तो महायुद्धावर बसऱ्याकडे गेला. तीन महिन्यांनी घरी आली ती नुसती त्याची पेटी. पेटी बघितली आणि आईनं हंबरडा फोडून सुनेचं कुंकू पुसलं. त्या वर्षापासून जनूचं पान परसात.

हरेशची मुलगी मृणाली दोन वर्षं जनूच्या नोकरीचे कागद शोधत होती. आज सकाळीच ते मोबाईलवर येऊन पडले होते. आजीची दशा बघून ती पानासमोर उभी राहिली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "खापरपणजोबा, तुमची बढती पक्की झाली होती. लेखी आहे."

कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"तुमचं पदकही मागवून घेऊ. शाळेत फोटो लावू."

एक कावळा उडून शेजारच्या आंब्यावर गेला.

"लालूच दावल्यासारखं नको गो बोलू," गिरजाबाई क्षीण आवाजात म्हणाली. "अधिकारी मानूस तो."

मृणालीनं शेवटचा कागद उघडला. लपेटीदार इंग्रजी अक्षर, लागता लागेना. अडखळत तिनं मराठीत सांगितलं, "घरी बाळंतपण असल्यामुळे वीस दिवसांची रजा मंजूर. सामान पुढे रवाना." तिनं कागद वर सरकवला, खाली सरकवला. "पुढं काहीच नाही. रकाना कोरा आहे."

"म्हंजे?"

"आजी, ते गेल्याचं कुणीच कळवलं नव्हतं. पेटी त्यांनी स्वतः पुढं पाठवली होती. ते रजेवर घरी यायला निघाले होते."

गिरजाबाईचा चेहरा लालबुंद झाला.

"जित्या मानसाचं पान परसात ठेवलं गो आमी! शंभर वरसं! शिवंल कसा कावळा? त्याला अक्कल हाय, आमाला नाय!" ती ढसाढसा रडली, पदरानं नाक पुसलं आणि भिंतीला धरून उठली. "उचल ते. घरात पाट मांड."

"आत्ये, तो आता एकशेछत्तीसचा असंल."

"असूंदे. घरच्या मानसानं घरात जेवायचं."

हरेशनं पुटपुटत माजघरात पाट मांडला, नवं केळीचं पान घेतलं. गिरजाबाईनं स्वतःच्या हातानं भात, आमटी, वडे, खीर, सगळं वाढलं. मग गोळी घेतली, पाणी प्यायली आणि दोन वडे चवीनं खाल्ले. मृणालीचा जीव भांड्यात पडला. कुठल्यातरी बंदरावर दुसरा संसार थाटून बसला असेल हा गृहस्थ, ती मनात म्हणाली, आणि हसत तूप आणायला स्वयंपाकघरात गेली.

परसातले कावळे एकदम उडाले. सगळे.

ती तुपाची वाटी घेऊन परतली आणि उंबऱ्यातच थबकली.

पाटावर एक सत्ताविशीचा तरुण मान खाली घालून जेवत होता. पांढरा गणवेश, गुडघ्यापर्यंत खाडीचा ओला चिखल. भुकेनं भराभर घास घेत होता. हरेश भिंतीला चिकटून उभा होता. गिरजाबाईच्या हातातली पळी हवेतच राहिली होती.

त्यानं शेवटचा घास संपवला, मनगटानं तोंड पुसलं आणि घरभर नजर फिरवली. मग समोरच्या म्हातारीला, थोडं लाजत, हळूच विचारलं, "काय झालं गो आजी? पोरगा का पोरगी?"