बाळंतिणीच्या खोलीतली हवा

"मावशी, ही खिडकी उघडा ना," शेजारची मुग्धा म्हणाली. कॉलेजच्या अभ्यासासाठी ती गल्लीतल्या घरांची हवा तपासत होती. तिचं डब्याएवढं यंत्र कोपऱ्यात घरघरत खोलीतली हवा ओढून घेत होतं आणि त्याच्यावरचा आकडा सकाळपासून चढतच होता.

"बाळंतीण आहे इथे. वारा लागेल!" अनसूयाबाई फटकन म्हणाल्या. खिडकीच्या फटींत त्यांनी स्वतः चिंध्या कोंबल्या होत्या. त्यांच्या बाळंतपणात आईनं कोंबल्या होत्या, तशाच.

"अहो, जमिनीतून रेडॉन वायू वर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोंडला की साचतो. एका दिवसानं काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसांना धोका."

"मग आम्ही कशा जगलो गं?"

"तू जगलीस, आई. पण माझ्या बाळाचं काय?" पलंगावरून लेक म्हणाली.

अनसूयाबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. वाऱ्याची भीती त्यांच्या ओळखीची होती. ही नवी भीती दिसतही नव्हती. शेवटी त्यांनी चिंध्या उपसल्या आणि खिडकी ढकलली.

जेवणं होईपर्यंत आकडा निम्म्यावर उतरला. मुग्धा खुशीत टाळी वाजवणार, तेवढ्यात बाळ शिंकलं.

दोघी मुली अनसूयाबाईंकडे बघू लागल्या. त्यांचा हात खिडकीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"बघता काय?" त्या करवादल्या. "कुंची द्या इकडे."