सात ओढ्यांची नावं

"जरा हळू म्हणा, लिहितोय," संजीवराव म्हणाले. शेजारी बसलेल्या पद्मिनीबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका. नवऱ्याचं बोलणं सुधारून पुढे पाठवायची त्यांना सवयच होती.

"आल्ट अ व्हान्ये," मर्डो मॅकायव्हर हळू म्हणाला. "दुधाचा ओढा. कुरणातून दूध आणताना एक बाई तिथे घसरली. पोरं त्या दिवशी उपाशी राहिली, पण ओढ्याला नाव मिळालं."

मर्डो सत्त्याऐंशी वर्षांचा, स्कॉटलंडच्या एका बेटावरचा. त्याची भाषा गेलिक. मुलांना तिचा शब्द येत नाही. अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरच्या मागे चालायची वाट आहे, तिथल्या बाकावर तो एकटाच बसायचा. अमेरिकेत लेकीकडे सहा महिने राहायला आलेले संजीवराव पूर्वी सरकारी मोजणीदार होते, हे कळलं त्या दिवशी त्याने उभं राहून टोपी काढली होती.

"पणजोबांच्या वेळी आमच्याकडे मोजणीदार आला," तो म्हणाला होता. "त्याला गेलिक येत नव्हती. तरी एकेक नाव त्याने तीन-तीन माणसांना विचारून लिहिलं. बारीकसारीक तेवढी सुटली. ती आता माझ्याबरोबर जातील. तुम्ही घ्या ना लिहून. तुमची जातच लिहून ठेवणाऱ्यांची."

संजीवरावांना पाहून आजवर लोक बांधावर भांडायला तेवढे उठले होते. टोपी कुणी काढली नव्हती. पंधरा दिवसांत त्यांची छाती दोन इंच वाढली आणि वहीत एकेचाळीस नावं चढली, अर्थासकट.

दुधाचा ओढा शेवटचा. मर्डोने वही आपल्याकडे ओढली, पेन्सिल मागून घेतली. "आता तुमचा एक ओढा सांगा. तुम्ही नकाशावर लिहिलेला."

संजीवरावांना नेमका तोच डोंगर आठवला. एक धनगर म्हातारी भर उन्हात त्यांच्या मागे चढत आली होती. "सायेब, लिवा," म्हणत तिने सात ओढ्यांची सात नावं सांगितली, कुठलं कशावरून पडलं तेही. भाषा मराठीच होती. पण एक वाजला होता आणि डब्यात भरली वांगी होती. रात्री नकाशा पुरा करताना एकही नाव आठवेना. "उद्या जाऊन विचारून या की," पद्मिनीबाई म्हणाल्या होत्या. "ओढ्यांसाठी कोण चढतंय परत!" असं म्हणून संजीवरावांनी सातही ओढे पाच मिनिटांत उरकले होते.

"नाला क्रमांक एक," संजीवराव म्हणाले. खोटं सुचायच्या आत खरंच तोंडातून गेलं.

मर्डोने ते तीनदा घोळवून म्हटलं. नाला. क्रमांक. एक. मग जपून वहीत लिहिलं.

"काय गोड आहे! आणि याचा अर्थ?"

सवयीने त्याने पद्मिनीबाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, हे तुम्हीच सांगा."