पेनाचं टोपण

"पुढचा ठराव. टाकीकडच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवणे," अध्यक्षबाईंनी वाचलं. "सूचक कोण?"

"मी." माजी अध्यक्ष उठून उभे राहिले. "माझी आई त्या पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. राजकारण बाजूला ठेवा. आज माझी आई आहे, उद्या कुणाचीही असेल."

"काल माझा नवरा होता," बाई म्हणाल्या.

सभागृहात चुळबुळ झाली. त्याच पायऱ्यांवरून पडून नवरा गेला, तेव्हा हाच ठराव घेऊन बाई इथं उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा या खुर्चीत माजी होते. त्यांनी विरोध मुळीच केला नव्हता. फक्त पेनाला टोपण लावलं होतं.

ती पद्धत त्यांचीच. अध्यक्षांचं पेन उघडं असलं की सदस्यांनी अनुमोदनाला हात वर करायचे. टोपण लागलं की मूग गिळून बसायचं. अनुमोदक मिळाला नाही तर ठरावावर चर्चासुद्धा होत नाही. वाईटपणा कुणाकडेच नाही आणि काम फत्ते! खुर्ची बदलली, पण सदस्यांची नजर अजून पेनावरच असायची.

"अनुमोदक?" बाईंनी विचारलं आणि टोपण लावलं. टक्.

बेकरीवाल्याचा अर्धा वर गेलेला हात डोकं खाजवू लागला. औषधवाल्याला एकाएकी छताचा पंखा बघावासा वाटला. माजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. पण पाहून काय उपयोग? सगळी तालीम त्यांनीच दिलेली.

"बाई, अहो, हा तुमचाच ठराव आहे," ते शेवटी कळवळून म्हणाले. "शब्द न् शब्द तुमचा."

"म्हणून तर पाठ आहे मला. अनुमोदक नाही. पुढचा विषय."

माजी मटकन खाली बसले. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं.

माजी मधेच उठून गेले. तासाभरानं सभा संपली. घरी जायला बाईंना त्याच पायऱ्या उतराव्या लागत. निम्म्यावर आल्या तर खालून माणसं एक खुर्ची उचलून वर आणत होती. खुर्चीत माजींची आई, दवाखान्यातून घरी निघालेली. खुर्चीचा मागचा पाय स्वतः माजींनी धरला होता. बाईंना पाहून त्यांनी मान खाली घातली.

वाट द्यायला बाई कडेला सरकल्या. टाच पायरीच्या टोकावर आली. त्यांचा हात आपोआप बाजूला गेला आणि हवेत राहिला.

म्हातारीनं खुर्चीतूनच त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"जपून गं बाई! कठडा नाहीये तिकडे," ती म्हणाली. "पण आता काळजी नको. माझ्या लेकानं आज सभेत सांगितलंय."